नवा प्रोसेसर, जुना कूलर आणि शंभर अंश

पेचप्रसंग | शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, मदत हवी आहे. सविस्तर लिहितो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

गेल्या आठवड्यात नवा डेस्कटॉप जोडायला घेतला. आधीच्या मशीनमधला, प्रोसेसर थंड ठेवणारा टॉवर कूलर ठणठणीत होता (उष्णता वर नेणाऱ्या चार नळ्या म्हणजे हीटपाइप, १२० मिमीचा एक पंखा). म्हणून तो तेवढा ठेवला आणि बाकी सगळं बदललं. पूर्वी त्याच्याखाली इंटेलचा आय५ १०४०० होता, आता आय५ १२६००के आहे. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) वेगळं आहे हे माहीत होतं. पण नव्या मदरबोर्डवर सॉकेटच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन भोकं दिसली, आणि आतल्या भोकांत जुनी बॅकप्लेट (बोर्डाच्या मागून कूलर धरणारी) अशी चपखल बसली की मी खूश. मग स्टँडऑफ (पट्ट्या उचलून धरणारे छोटे खांब), पट्ट्या, उष्णता वाहणारी पेस्ट, वर हीटसिंक आणि शेवटी स्प्रिंगवाले दोन स्क्रू. कुठेही ओढाताण करावी लागली नाही.

चालू केलं तर बायॉसमध्ये ५८ अंश. म्हटलं असेल. विंडोज टाकून झालं, काहीही न चालवता ५५ ते ६०. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) लावलं आणि मोजून चार सेकंदांत १००. मग आकडा तिथेच चिकटून बसतो आणि प्रोसेसरचा वेग घसरत जातो. खोलीत ३० अंश आहेत. हीटसिंकच्या पात्यांना हात लावला तर नुसत्या कोमट.

स्क्रू अजून आवळायला गेलो, पण ते आधीच पूर्ण बसलेत, पाव वेढाही फिरत नाहीत. कूलर म्हातारा झाला का?

उलटा_पंखा | शनिवार, रात्री ११:५८

पहिला प्रश्न ठरलेला: कूलरच्या बुडाची प्लास्टिक फिल्म काढली होती का? रागावू नका, भल्याभल्यांची राहते.

दुसरं, पंख्याची वायर बोर्डावर नेमकी कुठे लावली आहे? 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या चार पिनांवरच हवी. कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनांवर लावली तर बोर्ड पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे हलवेलच असं नाही. शिवाय बरेच बोर्ड सुरू होतानाच पंखा सापडत नाही म्हणून अडून बसतात.

पेचप्रसंग | रविवार, रात्री १२:०६

फिल्म आधीचं मशीन जोडतानाच काढली होती, तेव्हा मी तरुण होतो. :) वायर सीपीयू फॅनवरच आहे. सिनेबेंच चालू असताना पंखा मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर फिरतोय, आवाजही येतोय.

बोरूबहाद्दर | रविवार, सकाळी ८:१५

पेस्ट किती आणि कशी लावली ते लिहिलं नाहीत. सगळं तिथेच अडलंय, असं माझं मत.

धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्याच. एकावर एक ठेवले की शिखरं तेवढी टेकतात आणि दऱ्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर-केल्विन, हवेची ०.०२६. म्हणजे दऱ्यादऱ्यांत उशा कोंबल्यासारखंच. पेस्ट बिचारी तांब्यापुढे काहीच नाही, साधारण एक आकडी मामला, पण हवेच्या शेकडोपट बरी. तिचं काम दऱ्या बुजवायचं, एवढंच. थर द्यायचं नाही.

तुमचा नवा प्रोसेसर चौकोनी नाही, लांबट आहे: ४५ बाय ३७.५ मिमी. जुना ३७.५ बाय ३७.५ होता. मधोमध वाटाण्याएवढा एकच ठिपका दिला असेल तर दोन्ही टोकं कोरडी राहू शकतात. या सॉकेटला फुली द्यावी, किंवा लांबीच्या दिशेने एक रेघ.

तांबडफुटी | रविवार, सकाळी ९:३०

मी जुन्या प्लास्टिक कार्डाने लोणी फासल्यासारखी पसरवते. एकही जागा कोरडी राहत नाही. तुमचे ठिपके, रेघा, फुल्या म्हणजे सगळा रांगोळीचा कारभार. हलके घ्या.

बोरूबहाद्दर | रविवार, सकाळी ९:४४

पसरवताना बुडबुडे अडकतात. दाबाने आपोआप पसरू द्यावी.

तांबडफुटी | रविवार, सकाळी ९:५१

दाब नीट असेल तर बुडबुडेही निघून जातात आणि कशीही लावली तरी एखाद्या अंशाचाच फरक पडतो. दाबच नसेल तर तुमची फुलीही फुलीच राहणार.

जुनं_हाड | रविवार, सकाळी ११:२०

तांबडफुटीताईंचं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा, कामाचं आहे.

पेचप्रसंग, तुम्ही अख्ख्या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाता जाता सांगून गेलात. प्रोसेसर शंभरावर आणि पाती कोमट! कूलर अपुरा पडत असता तर पाती चांगली तापली असती, उष्णता वर आलीये पण पंख्याला उपसता येत नाहीये असं झालं असतं. तुमच्याकडे ती वर येतच नाहीये. मग ती खाली प्रोसेसरपाशी अडली आहे, नाहीतर मध्ये हीटपाइपमध्ये.

हे वेगळं कसं ओळखायचं? सिनेबेंच चालू ठेवून कूलरच्या अगदी बुडाला, हीटपाइप जिथून निघतात त्या ठोकळ्याला, बाजूने बोट लावा. पंख्यापासून बोट जपा. ठोकळा चटका देणारा आणि पाती थंड असतील तर हीटपाइप गेलेत. त्या नळ्यांत थोडंसं द्रव असतं, ते खाली वाफ होतं, वर जाऊन थंड होऊन पुन्हा द्रव होतं आणि आतल्या जाळीतून परत खाली झिरपतं. नळीला चीर गेली की खेळ खलास. पण हे क्वचित होतं. ठोकळासुद्धा कोमटच असेल तर कूलर निर्दोष आहे, तो प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही.

पेचप्रसंग | रविवार, दुपारी १२:०२

काका, ठोकळाही कोमट.

जुनं_हाड | रविवार, दुपारी १२:१०

मग काढा कूलर आणि ठसा बघा. पेस्टचा ठसा खोटं बोलत नाही. नवीन पेस्ट हाताशी आहे ना, याची आधी खात्री करा, कारण एकदा उचलला की जुनी पेस्ट बाद.

काढायच्या आधी पाचेक मिनिटं मशीनला काम लावा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग मशीन बंद करून मागचं बटनही बंद करा आणि विजेची वायर काढा. पंख्याची वायर पिनांवरून सोडवा (ही विसरून कूलर उचलणारे मी पाहिलेत, आरशात). दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. मग कूलर सरळ वर ओढू नका. बरणीचं झाकण फिरवतो तसा डावी-उजवीकडे जरा पिळा, सुटल्यासारखा वाटला की उचला.

निळी_शाई | रविवार, दुपारी १:३५

पिळा म्हणजे पिळाच. अवांतर आहे, पण माझी कहाणी ऐका.

माझा एएमडीचा, एएम४ सॉकेटचा प्रोसेसर. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. पंखा साफ करायचा म्हणून थंड मशीनचा कूलर दोन्ही हातांनी सरळ वर खेचला. 'टक्' असा आवाज आला आणि कूलर हातात. म्हटलं निघाला एकदाचा. उलटा करून बघते तर बुडाला प्रोसेसर चिकटलेला, सॉकेटचा दांडा खाली लावलेला तसाच. पेस्ट वाळून सिमेंट झाली होती. वेळेवर पाहिलं म्हणून बरं, असं म्हणणार तेवढ्यात तो सुटून टेबलावर पडला, पिनांवर. एका कोपऱ्यातल्या नऊ पिना आडव्या.

दोन संध्याकाळी गेल्या. यांत्रिक पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं आणि तिच्या टोकाची धातूची नळी एकेका पिनेवर घालून केसाएवढी सरळ करत गेले. मध्ये मध्ये प्रोसेसर डोळ्यांसमोर आडवा धरून पिनांच्या रांगा बघायच्या, चारही बाजूंनी. शेतात पेरणीच्या ओळी दिसतात ना, तशा सरळ दिसल्या पाहिजेत. सॉकेटमध्ये आपल्या वजनाने बसला तेव्हाच दांडा लावला. चालला, अजून चालतोय. चूक सोळा आणे माझीच होती. पण कूलर काढताना मी आता श्वाससुद्धा हळू घेते.

पेचप्रसंग | रविवार, दुपारी ३:२८

निळी_शाई, हे वाचून हात थरथरायला लागले. पण माझ्या पिना सॉकेटात आहेत, प्रोसेसर वरून पत्र्याच्या चौकटीने दाबलेला आहे, त्यामुळे तो वर आला नाही.

ठसा असा: मी लांबीला एक रेघ दिली होती. ती रेघ अजून रेघच आहे! जरा चपटी झालीये, कडेला थोडी ओघळलीये, पण मधोमध पेस्टचा जाड करडा पट्टा जसाच्या तसा. रॅमच्या बाजूला नखाएवढा भाग पातळ झालाय आणि तिथेच धातू दिसतो. कूलरच्या बुडावरही तोच नकाशा उलटा. बाकी सगळीकडे प्रोसेसर कोरा.

स्क्रू तर पूर्ण आवळलेले होते हो! शेवटपर्यंत!

जुनं_हाड | रविवार, दुपारी ४:०५

'शेवटपर्यंत' म्हणजे कशाच्या शेवटपर्यंत, हाच प्रश्न आहे.

स्क्रूचे आटे संपले, त्याची मान पट्टीला टेकली, म्हणून तो फिरायचा थांबला. आपल्याला वाटतं दाबून बसला. दाब स्क्रूमुळे येतच नाही, दाबली गेलेली स्प्रिंग तो देते. स्क्रू नुसता स्प्रिंगला ठरावीक अंतरापर्यंत खाली नेऊन उभा राहतो. हे अंतर कूलर बनवणाऱ्याने सॉकेटची उंची धरून ठरवलेलं असतं. म्हणूनच या स्क्रूंना 'थांबेपर्यंत फिरवा' अशी सूचना चालते, अंदाजाने आवळावं लागत नाही.

आता तुमचा घोळ. इंटेलची भोकं एलजीए ११५६ पासून, म्हणजे २००९ पासून, तुमच्या जुन्या प्रोसेसरच्या १२०० सॉकेटपर्यंत ७५ मिमीच्या चौकोनात होती. इतकी वर्षं तोच कूलर या पिढीतून त्या पिढीत नेता आला, लोकांना सवय लागली. २०२१ मध्ये तुमच्या नव्या प्रोसेसरचं एलजीए १७०० आलं आणि भोकं ७८ मिमीवर गेली. जुने कूलर चालावेत म्हणून काही बोर्डांवर दोन्ही मापांची भोकं पाडलेली असतात. तुमचा बोर्ड त्यातला. भोकं जुळली, पण उंची? १७०० मध्ये प्रोसेसरची धातूची टोपी बोर्डापासून १२०० पेक्षा खाली बसते, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तुमचे स्टँडऑफ जुन्या उंचीचे. म्हणजे पट्ट्या पाऊण मिलिमीटर जास्त वर, कूलरही तेवढाच वर, आणि स्प्रिंग जवळजवळ मोकळी. तुमचा कूलर प्रोसेसरवर बसलेला नव्हता, चार खांबांवर टांगलेला होता. एका कडेला चुकून टेकला तेवढ्यावर तुम्ही विंडोज टाकलंत, हेच कौतुक.

दोन्ही भोकं असलेल्या बोर्डावर काही जुने कूलर व्यवस्थित चालतात, ज्यांच्या स्प्रिंगला पुरेशी लांब चाल असते. तुमच्याची नाही.

घुबड_रात्रीचे | रविवार, रात्री ९:१२

मग जाड पेस्ट भरली तर? किंवा मध्ये थर्मल पॅड (उष्णता नेणारी मऊ गादी)?

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री ९:२०

पाऊण मिलिमीटर पेस्ट म्हणजे भिंत झाली हो. ती केसाहून पातळ असली तरच तिचा उपयोग. पॅडचंही तेच, ते व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) किंवा मेमरीच्या चिपांना ठीक, दीडशे वॉटच्या प्रोसेसरला नाही. (१२६००के जोर लावला की १५० वॉटपर्यंत जातो.)

आणि हो, पेस्टवर मी जे भाषण दिलं ते मागे घेत नाही, पण इथे गैरलागू होतं हे मान्य.

पेचप्रसंग | रविवार, रात्री ९:३३

खरं सांगू का, दुपारपासून कानस शोधतोय. प्लास्टिकचे स्टँडऑफ पाऊण मिलिमीटर घासले तर?

जुनं_हाड | रविवार, रात्री ९:४०

कानस जिथे आहे तिथे राहू द्या. चारही सारखे घासले जाणार नाहीत, कूलर एका कुशीवर कलेल आणि उद्या तुम्ही दुसऱ्या आकाराचा ठसा घेऊन याल. कूलरच्या कंपनीच्या पानावर १७०० चा माउंटिंग संच आहे का बघा. नावाजलेल्या बहुतेकांनी जुन्या कूलरसाठी काढला होता. काही कंपन्या खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि नव्या बोर्डाची पावती मागतात. तोच संच इंटेलच्या पुढच्या एलजीए १८५१ सॉकेटलाही चालतो, भोकं ७८ चीच आहेत.

तांबडफुटी | सोमवार, सकाळी ७:५०

धागा पळवतेय, माफी. माझा नवा बोर्ड एएम५ (एएमडीचं एएम४ नंतरचं सॉकेट) आहे आणि घरातल्या एएम४ च्या कूलरची स्वतःची बॅकप्लेट आहे. भोकं तर सारखीच ना, ५४ बाय ९०? मग मागची मूळ प्लेट काढून ही लावू?

जुनं_हाड | सोमवार, सकाळी ८:३०

भोकं तीच, पण मागची प्लेट काढायची नाही. एएम४ मध्ये ती नुसती कूलर धरायला होती, स्क्रू काढले की सुटी व्हायची (बोर्ड उभा असेल तर मागे पडून हरवायची). एएम५ मध्ये प्रोसेसरला दाबणारी चौकटच त्या प्लेटला जोडलेली आहे. त्यामुळे मूळ प्लेटच्या आट्यांत स्क्रू लावणारे कूलर चालतात, किंवा बोर्डासोबत येणाऱ्या प्लास्टिक कड्यांना आकड्याने अडकणारे. स्वतःचीच प्लेट मागणारे चालत नाहीत, त्यांच्यासाठीही संच मागवावा लागतो. तुमचा यातला कुठला, ते कूलर उलटा करून बघा.

एएम५ च्या टोपीला कडेने खाचे आहेत, त्यात जरा पेस्ट जाईल. साधी, वीज न वाहणारी पेस्ट असेल तर काही होत नाही. द्रव धातू मात्र तिथे नकोच.

आणि एएमडीच्या रायझन ७६०० सारख्या प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर लावणार असाल तर त्याच्या बुडाला पेस्ट आधीच असते. ती बोटाने चाचपून बघायची नाही, वर आपली घालायची नाही.

घुबड_रात्रीचे | मंगळवार, रात्री १:१४

मीही शेपूट जोडतो. इंटेलचा आय५ १२४०० घेतलाय, खोक्यातला कूलर आहे, चार काळ्या खुंट्यांचा. तीन बसतात, चौथी लावली की पहिली उचकटते. खुंटीवर बाण आहे त्या दिशेला फिरवायची ना?

उलटा_पंखा | मंगळवार, सकाळी ९:०५

इथे माझं पीएचडी आहे. बाण काढण्यासाठी आहे! बाणाच्या दिशेने फिरवली की खुंटी सुटते. लावताना चारही बाणाच्या उलट्या दिशेने पूर्ण वळवून ठेवा, काळी खुंटी वर ओढून घ्या आणि मग नुसतं सरळ खाली दाबा, फिरवू नका. समोरासमोरच्या दोन, मग उरलेल्या दोन. दरवेळी 'कट्' असा स्पष्ट आवाज आला पाहिजे.

बोर्ड कॅबिनेटमध्ये असेल तर बाहेर काढा. आत तो फक्त कॅबिनेटच्या स्टँडऑफवर टेकलेला असतो, मधे अधांतरी, तुम्ही दाबता तेव्हा खाली वाकतो आणि एका कोपऱ्यात मिळवलेलं दुसऱ्या कोपऱ्यात जातं. बाहेर काढला की मागूनही बघता येतं: पांढऱ्या पायाची दोन्ही दलं भोकाबाहेर आलेली आणि त्यांच्या मधोमध काळी खुंटी शिरलेली दिसली पाहिजे. दलं जवळजवळ असतील तर ती खुंटी फसवी, हलकं ओढलं की वर येईल.

घुबड_रात्रीचे | बुधवार, रात्री १२:३८

बसला! पहिलीच फसवी होती. बाहेर काढून पाहिल्याशिवाय कळलंच नसतं. ३८ अंश, शांत. वाचनखूण साठवली.

पेचप्रसंग | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:२०

संच आला. जुन्या आणि नव्या स्टँडऑफची जोडी टेबलावर शेजारी उभी केली. नुसत्या बघून सारख्याच, अदलाबदल झाली असती तर पत्ता लागला नसता. मग दोघांवर पट्टी आडवी ठेवली तेव्हा ती एका बाजूला कलली. एवढ्याशा कलण्यासाठी आठवडा गेला.

यावेळी सगळं सावकाश केलं. बोर्ड बाहेर काढून त्याच्या खोक्यावर ठेवला. नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन आधी प्रोसेसर, मग कूलरचं बूड पुसलं. जुनी पेस्ट आधी नुसतीच पसरते, तिसऱ्या पुसण्यात धातू चमकायला लागतो. संचातली प्लेट आता बाहेरच्या भोकांत. प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर बोर्ड आत बसवल्याबरोबर लावली, कूलर लावायच्या आधी. मागच्या वेळी ती वायर पात्यांमागून आंधळेपणाने कोंबताना बोटं सोलली होती.

पेस्टची फुली दिली. बोरूबहाद्दर, तुमचा मान ठेवला! मग कूलर सरळ खाली टेकवला आणि एकदा टेकल्यावर उचलून 'पसरली का' बघण्याचा मोह आवरला. दोन्ही स्क्रू आधी नुसते धरवले, मग इकडे दोन वेढे, तिकडे दोन वेढे. तिसऱ्या फेरीला पहिल्यांदाच स्प्रिंगचा विरोध हाताला जाणवला. मागच्या वेळी असं काही जाणवलंच नव्हतं, स्क्रू लोण्यात गेल्यासारखे गेले होते आणि मी त्याला 'चपखल' म्हणत होतो.

आकडे: खोलीत ३० असताना नुसतं बसून ३६-३७. सिनेबेंचवर दहा मिनिटांनी ८१, वेग जराही घसरत नाही. पाती आता गरम लागतात, पंख्यामागे हात धरला तर गरम झोत. एवढा आनंद गरम हवेचा कधी झाला नव्हता. फोटो जोडतोय.

जुनं_हाड | रविवार, संध्याकाळी ६:४५

झकास. या कूलरला या प्रोसेसरवर ८१ म्हणजे रास्त आहे. खोली थंड झाली की तेवढंच हेही उतरेल.

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ७:१०

अभिनंदन! फोटोत एक दिसतंय. पंखा हीटसिंकपेक्षा वर का उचललेला आहे? आणि कॅबिनेटचं बाजूचं दार कुठाय?

पेचप्रसंग | रविवार, संध्याकाळी ७:२२

दार... पलंगाखाली. आठवडाभर उघडंच चालवतोय ना. नवी रॅम उंच टोप्यांची आहे, पंखा तिच्यावर टेकतो, म्हणून तारेच्या क्लिपा वर सरकवून लावला. आत्ता दार लावून पाहिलं. एक सेंटिमीटरने नडतंय.

उलटा_पंखा | रविवार, संध्याकाळी ७:३०

पंखा मागच्या बाजूला लावा, कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे, म्हणजे तो पात्यांतून हवा ढकलण्याऐवजी ओढेल. तिथे रॅम नाही, पंखा पाहिजे तेवढा खाली घ्या. एखाददुसऱ्या अंशाचा फरक पडेल. फक्त दिशा तपासा: पंख्याच्या ज्या बाजूला आडवे दांडे आणि मधे स्टिकर असतो, हवा त्या बाजूने बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे हवी. माझं नाव इथे उलटा_पंखा का आहे, हे सुज्ञांनी ताडलं असेलच. दीड वर्ष कॅबिनेटचा मागचा पंखा आणि कूलरचा पंखा एकमेकांच्या तोंडावर फुंकत होते.

पेचप्रसंग | रविवार, रात्री ८:४८

मागे लावला. स्टिकर जाळीकडे. दार लागलं. बंद दाराने सिनेबेंचवर ८४.

तांबडफुटी | रविवार, रात्री ९:०१

आणि माझ्या कूलरला स्वतःचीच प्लेट लागते. संच मागवलाय.